बुधवारचे टाको

सुट्टी? कुणाला सुट्टी? — नाही, दारात उभ्या राहू नका, आत या. त्या स्टुलावर बसा, पँट उचला आणि शिलाई मशिनवर टाका, जपून हं, टाचण्या आहेत. ह्यांचा चष्मा द्यायला आलात ते कळलं मला. पण आल्या आल्या काय म्हणालात? ‘आज सुट्टी ना, म्हटलं घरीच असतील.’ असंच म्हणालात ना? आज बुधवार आहे, बाई. ह्यांचं ऑफिस बुधवारी असतं. चोवीस वर्षं असतंय. नकाशे काढतात तिथे, इमारतींचे. सकाळी आठला डबा घेऊन गेलेत, सातला येतील. — का हो, उठताय कशाला? बसा. मी काही तुम्हाला खात नाहीये, मी चिकन करतेय. पॅन तापायला ठेवलाय, तो सोडून मला दारापर्यंत येता येणार नाही, आणि मी सोडल्याशिवाय तुम्ही जाणार नाही.

काय करतेय ते बघा जरा. चिकनचे तुकडे — मांडीचे, बिनहाडाचे. कागदाने टिपून कोरडे केलेत. मीठ, तिखट, जिरेपूड. हे आता पॅनमध्ये एकाशेजारी एक ठेवायचे, एकावर एक नाही, आणि हात लावायचा नाही. चार मिनिटं ढवळायचं नाही. ओळखीचं वाटतंय? — नाही, मान हलवू नका, तोंडाने सांगा. कारण ज्या माणसाने चोवीस वर्षांत स्वतःच्या हाताने चहा केला नाही, तो माणूस चार महिन्यांपूर्वी एका बुधवारी अननस घेऊन घरी आला, आणि मला म्हणाला, ‘तू बस, आज मी टाको करतो.’ टाको! मी म्हटलं, ते काय असतं? तर म्हणे, मक्याच्या पातळ पोळ्या, पाकिटात मिळतात, त्यात चिकन आणि फळ भरायचं, सगळं एकाच पॅनमध्ये, वीस मिनिटांत, घासायला भांडी पडत नाहीत. भांडी पडत नाहीत! भांडी पडतात हे ह्यांना कुणी सांगितलं? मी तर कधी बोलले नव्हते. म्हणजे दुसरं कुणीतरी बोललं. — हं, बघा, तुमची नजर कांद्याकडे गेली. आता कांदा घालायचा, बरोबर ना? आधी चिकन उलटायचं, मग कांदा, मग ढोबळी मिरची. तुम्हाला क्रम माहीत आहे.

मी शिवणकाम करते. लोकांच्या पँटी घट्ट करते, सैल करते, झिप बदलते. माणूस तोंडाने काय सांगतो ते मी ऐकत नाही, टेप काय सांगते ते बघते. तर ह्यांच्या पँटी मला चार महिन्यांत दोनदा आत घ्याव्या लागल्या. खुर्चीत बसून नकाशे काढणारा माणूस बारीक होतो कसा? आणि डबा. डबा धुतलेला यायला लागला. नुसता विसळलेला नाही, घासून, पुसून, कोरडा. मी हुंगून पाहिला — हो, हुंगते मी, खिसेही बघते, तुमच्याशी खोटं कशाला बोलू — साबण आपला नव्हता. मनगटावर भाजल्याचा डाग. विचारलं तर म्हणे, ऑफिसातल्या चहाच्या मशिनवर लागलं. आणि गेल्या बुधवारी आमची लेक, सोळा वर्षांची आहे, पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘बाबा, आज अगदी तिथल्यासारखे झालेत.’ मी म्हटलं, कुठल्यासारखे? तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम पाणी प्यायले. दोघंही! तेव्हाच ठरवलं की कुठेतरी पाणी मुरतंय, आणि मी ते शोधून काढणार. म्हणून दर बुधवारी हे आणतात तो अननस आज मीच आणला. म्हटलं ह्यांच्याआधी करून ठेवते आणि ताट पुढे ठेवून विचारते, कोण आहे ती? — तर तुम्हीच आलात. चष्मा घेऊन.

चष्मा! काल घरी आले ते डोळे बारीक करून. म्हणे ऑफिसात राहिला. आता तुम्ही मला सांगा, माणूस परक्या ठिकाणी चष्मा कधी काढतो? झोपताना काढतो. नाही तर — काय? वाफेने? कसली वाफ? ...एक मिनिट, गॅस कमी करते, काही ऐकू येत नाहीये. — मोठ्या पातेल्याच्या वाफेने काचा धुरकटतात, म्हणून काढून खिडकीत ठेवतात. कुठल्या खिडकीत? तुमच्या. दवाखान्याच्या मागचं कॅन्टीन, ते तुमचं. बरं. आणि हे तिथे काय करतात, जेवायला येतात? — करतात. रांधतात. हे. तुम्ही कुणा दुसऱ्याबद्दल तर बोलत नाही ना? उंच, डाव्या भुवईत खाच असलेले? — हो, तेच.

कधीपासून? ...पाच महिने.

नाही, थांबा, तुम्ही काहीतरी घोळ घालताय. ऑफिस? ऑफिस बंद नाही झालं, मला कळलं नसतं का? — ऑफिस चालू आहे. माणसं कमी केली. सगळं कॉम्प्युटरवर करणारी दोन मुलं ठेवली आणि ह्यांच्यासारखे चार जण काढले. हे त्यांनीच सांगितलं तुम्हाला? शपथेवर? — नाही, नाही, तुम्ही खोटं सांगत नाही, दिसतंय मला. मी माणूस बघते तेव्हा... अननस. अननस घालायचा राहिला. बघा, कांदा लागला थोडा कडेला. फोडी मोठ्या झाल्यात का? हे बारीक चिरतात. अगदी एकसारख्या, पट्टीने आखल्यासारख्या. मी हसले होते पहिल्या वेळी. म्हटलं, कोंबडीत फळ? उद्या आंब्यात अंडं फोडाल. आणि मग सगळे उठल्यावर पॅनमध्ये उरलेलं उभ्याने खाल्लं मी. ते नाही सांगितलं ह्यांना. तुम्हीही सांगू नका.

पण मला का नाही सांगितलं हो? लेकीला सांगितलं. — नाही सांगितलं? मग? ...मैत्रिणीचा पाय मुरगळला म्हणून तिला दवाखान्यात घेऊन आली आणि खिडकीतून बाबा दिसले. एप्रन बांधलेले. मग शनिवारी येते, कोपऱ्यात बसून अभ्यास करते. बरं. म्हणजे पोरीला बघून कळलं, मला पँटी आत घेऊनही कळलं नाही. तुम्हाला सांगितलं, तुमच्या भांडी घासणाऱ्या मावशींनाही माहीत असेल. असेलच. मलाच तेवढं...

काय म्हणाले ते? मला का सांगत नाहीत, ते कधी बोलले असतील ना? तुम्ही खाली बघताय. बोला, मी ऐकून घेईन. — बायकोला आवडणार नाही. एवढंच? की आणखी काही? ...हं. नंदाव्यांचं सांगितलं का त्यांनी? सांगितलंच असणार. माझ्या नणंदेच्या यजमानांची गेल्या वर्षी नोकरी गेली. सगळे इथेच बसलो होतो, जेवायला. नंदावे समोर. आणि मी म्हणाले — हसत म्हणाले हो, मी बोलते तशी — मी म्हणाले, सकाळी दहाला पायजमा घालून घरात फिरणारा नवरा मला नाही चालायचा, मी बाहेर काढून आतून कडी लावून घेईन. सगळे हसले. नंदावे हसले. हे पण हसले असं मला वाटलं होतं. मी पाहिलं नाही नीट. वाढत होते मी.

आणि बुधवारी? तुमचं कॅन्टीन बुधवारी बंद. म्हणजे आज. म्हणजे दर बुधवारी हे आठला डबा घेऊन निघतात, सातला येतात — अकरा तास जातात कुठे? तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही. उन्हात कुठल्यातरी बाकावर बसत असतील. आज तर चष्माही नाही, पेपर वाचता येत नसेल. डबा मांडीवर उघडून एकट्याने... आणि मग संध्याकाळ झाली की बाजारातून अननस घेऊन, ऑफिसातून आल्यासारखे जिना चढून वर. आणि मी दारातच विचारते, ‘एवढं दमायला काय डोंगर खणलात?’ दर बुधवारी विचारते. सवय आहे मला.

लिंबू पिळते. झालं. बघा, रंग बरा आलाय. तुमच्यासारखा नाही येणार. — हे तुमचं नाही? मग कुणाचं? ...त्यांनीच बसवलं? वाचून वाचून, तुमच्याकडे करून करून? म्हणजे कॅन्टीनमध्ये ह्यांच्या टाकोला रांग लागते, आणि इथे मी म्हणते कोंबडीत फळ. नाही, मी आज सांगणारच आहे त्यांना. आल्यावर सांगते, सगळं कळलंय, आता बुधवारी घरी राहायचं, पायजम्यावर. कसं सांगायचं ते बघते. माझ्या तोंडून सरळ काही निघत नाही, पण बघते.

एकच विचारते, मग तुम्ही निघा. तिथे ते... कसे असतात? म्हणजे बोलतात का? घरी ‘हो’, ‘नाही’, ‘वाढ’ एवढंच असतं. — बोलतात. बरं. — नकला करतात? कुणाच्या? — डॉक्टरांच्या. आणि स्वतःही हसतात? मोठ्याने? ...बाहेर रांगेपर्यंत ऐकू जातं, एवढ्या मोठ्याने?

रोज?

जा तुम्ही आता. — नाही, खाऊन वगैरे काही नको, उशीर झालाय. तुमचे उपकार आहेत, पण जा. मला पोळ्या गरम करायच्या आहेत. जाताना दार ओढून घ्या.