तळं वेगळंच आहे

...आणि वर लिहिलंय काय, तर म्हणे 'कुटुंबवत्सल वातावरण'! अरे कसलं डोंबलाचं वातावरण! तुम्हाला सांगतो, तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडांचे हे रिव्ह्यू लिहिणारी जी जमात आहे ना, तिच्यातल्या एकेकाला बखोटीला धरून त्याच तळ्यात बुचकळून काढलं पाहिजे. एक जण लिहितो, 'पाणी फारच ओलं होतं.' एक तारा! एक बाई लिहिते, 'बदकं सारखी आमच्याकडे बघत होती.' आता बदकांनी काय, मान खाली घालून बसायचं? तिसरा म्हणतो, 'झाडं जास्त आहेत.' मग जंगलात कशाला कडमडलास बाबा? पण लिहिणाऱ्याचं काय जातं!

बरं, मला तरी काय राजवाडा हवा होता का हो? आमची ट्रुडी, चौदा वर्षांची लॅब्रॅडोर. कमरेतून गेलीय बिचारी, मागचे पाय ओढत चालते. पण तळ्याचा वास आला की शेपटी अशी सुरू होते की गाडीच्या दाराला पोचा पडेल. तिला एकदा, बहुतेक शेवटचंच, पाण्यात न्यायचं होतं. धक्क्यावरून उडी तिला जमत नाही, दगडाधोंड्यांतून उतरणं होत नाही. तेव्हा हळूहळू उतरत जाणारा काठ पाहिजे आणि पोटाशी पाणी. बस्स! आपल्या मिनेसोटात म्हणे दहा हजार तळी, गाडीच्या नंबरप्लेटवर छापून मिरवतो आपण. त्यात एका म्हातारीला पाय बुडवायला जागा नसावी?

त्यात मार्लिसनं, म्हणजे आमच्या हिनं, आपल्या भावाला बोलावून ठेवलं. डुएन! त्यानं अडतीस फुटी आरव्ही घेतलीय. म्हणजे घरच चाकांवर घालायचं, दोनशे मैल ओढत निसर्गात न्यायचं, आणि आत बसून टीव्ही बघायचा. वर मला फोन, 'दाजी, वीज पन्नास अँपिअरची बघा हं! सांडपाण्याची जोडणी बघा! आणि गाडी रिव्हर्स घ्यायला लागता कामा नये, नाकासमोर आत, नाकासमोर बाहेर!' अरे मग घरीच बस ना, तिथे तर गाडी हलवावीच लागत नाही!

बसलो शोधत. एका ठिकाणी लिहिलेलं, 'पाळीव प्राण्यांचं मनापासून स्वागत.' केला फोन. बाई मधाळ आवाजात म्हणते, 'आणा की हो कुत्री, फक्त दोरी सहा फुटी, आणि पाण्यात न्यायची नाही.' मी म्हटलं, 'अहो बाई, तळ्यावर आणून पाण्यात न्यायची नाही, मग तिला काय तळ्याचं चित्र दाखवायचं?' तर म्हणे, 'हो ना, ते बाकी खरं,' आणि ठेवला फोन! दुसरीकडे फोटोत नुसतं निळंशार पाणी, आणि प्रत्यक्षात तंबू नि तळं यांच्यामधून हमरस्ता, ट्रक जातायत धाडधाड. तिसरी जागा मासे धरायच्या गांडुळांच्या दुकानामागे. हिरवं पाणी, कलंडलेलं टेबल, आणि रिव्ह्यू एकच : 'तसं वाईट नाही.'

आता आपल्याकडची भाषा तुम्हाला ठाऊकच आहे. 'तसं वाईट नाही' म्हणजे माणूस भारावून गेलाय. आणि 'वेगळंच आहे' म्हटलं, की संपलं! डुएनच्या बायकोनं मार्लिसनं ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशचा एक घास घेतला आणि म्हणाली, 'वेगळंच आहे.' दोन नाताळ एकमेकींची तोंडं पाहिली नाहीत हो! तरी मी त्या हिरव्या पाण्याचा फोटो बघितला आणि म्हटलं, हट्! गांडुळं विकणाऱ्यांच्या शब्दावर का जायचं?

खरं म्हणजे मला एक जागा ठाऊक होती... जरा जवळ सरका... लाव्हर्नबाईंचं कॅम्पग्राउंड. चौदा नंबरच्या जागेपुढे अशी मऊ वाळू, चालत जा, चालत जा, पाणी आपलं गुडघ्याशीच. ट्रुडी पिल्लू असल्यापासून तिथेच पोहली. पण ती जागा डुएनला दाखवायची? मासा कुठे लागतो ते आपण सख्ख्या भावाला सांगत नाही, हा तर मेहुणा! पुढच्या उन्हाळ्यात अख्खा गाव घेऊन येईल. आधीच तीन वर्षांपूर्वी तिथे वर्दळ वाढायला लागलेली. तेव्हा मी काय केलं... केलं आपलं... बसलो आणि एक रिव्ह्यू लिहिला. दुसऱ्या नावानं. एक तारा. पाणी इतकं उथळ की घोटा भिजत नाही, रस्ता इतका अरुंद की आरव्ही शिरत नाही, आणि कुत्री, मोकाट कुत्री, जिकडे बघावं तिकडे कुत्री! चांगलं तिखटमीठ लावून लिहिलं. लिहिणाऱ्याचं काय जातं!

मग माझं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तीन उन्हाळे जाणं झालं नाही. पण यंदा ट्रुडीकडे बघवेना. म्हटलं मरू दे, डुएन तर डुएन, चला लाव्हर्नबाईंकडे!

फाट्यावर वळलो, तर... रस्ता! विमान उतरेल एवढा रस्ता! मागून डुएन खुशीत हॉर्न वाजवतोय, आत आरव्हींची ही रांग लागलेली, चौदा नंबरपुढे बघतो तर वाळू उकरून फेकलेली, पुरुषभर पाणी, वर लोखंडी धक्का! आणि फाटकावर पाटी, 'कुत्र्यांना सक्त मनाई.'

ऑफिसात घुसलो. 'लाव्हर्नबाई, हे काय केलंत?' तर बाई आनंदानं टाळ्या पिटत, 'अगं बाई, आर्लन तुम्ही! किती सुधारलंय ना सगळं? एका भल्या गृहस्थांनी आमचे डोळे उघडले हो. जे जे लिहिलं होतं, ते ते सगळं निस्तरलं!' आणि भिंतीकडे बोट. फ्रेम करून लावलाय! मार्लिसनं चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं, ''तुम्हाला सांगतो...'' थांबली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचलं, ''तुम्हाला सांगतो, कसलं डोंबलाचं तळं!'' चाळीस वर्षं रोज नाश्त्याला हेच ऐकतेय हो ती! चष्मा काढला, घडी घातली, डबीत ठेवला आणि म्हणाली, 'हं. वेगळंच आहे.'

मी लाव्हर्नबाईंचे हातच धरले. म्हटलं, 'एक तास, फक्त ही एक म्हातारी कुत्री!' बाईंचे डोळे भरून आले, पण म्हणाल्या, 'नका हो गळ घालू. परत कुणी लिहिलं म्हणजे?' बाहेर ट्रुडी गाडीच्या काचेला नाक लावून पाण्याचा वास घेतेय, शेपटी दारावर धप धप धप... मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. डुएन? तो राहिला तिथेच. पन्नास अँपिअर होते ना!

आम्ही तिघं निघालो. चाळीस मैल गाडी हाकली. आणि आलो कुठे, तर इथे, गांडुळांच्या दुकानामागे! शेवाळ बघा, डास बघा. पण चिखलाचा काठ कसा अलगद उतरत गेलाय... ट्रुडीनं एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि पोटापर्यंत पाण्यात जाऊन बसली महाराणी, कानावर शेवाळ! बाहेर यायला तयार नाही. मार्लिस खुर्ची टाकून कितीतरी वेळ बघत होती, मग म्हणाली, 'तसं वाईट नाही.' मला म्हणाली की ट्रुडीला, विचारायची माझी छाती झाली नाही.

पण माझा हात गेला ना खिशाकडे! म्हटलं, उद्या इथे गर्दी झाली तर? दोनच ओळी, जरा डासांबद्दल... लिहिणाऱ्याचं काय जातं?

फोन जातो! तीन दिवस झाले, मार्लिसच्या पिशवीत आहे. म्हणून तर नवीन गाडी आली की असा उठून तोंडी सांगत हिंडतोय. काय म्हणालात, तळं कसं आहे?

वेगळंच आहे हो!