नाकातलं शिसं

नका काका, परत नका उभं करू ते विमान — शंभरदा केलंत तरी शेपटीवरच बसणार. टेबल तिरकं नाहीये. बाबाही सकाळपासून हेच म्हणतायत, टेबल तिरकं आहे, आणि मी सुताराची लेव्हल लावून दाखवली तर माझ्यावरच डाफरले — चूक यांची आणि वर आवाजही यांचाच! आता झोपलेत आत, चारला दुकान उघडायचंय ना. या सुरुवातीच्या काळातल्या जेट फायटरला नाकाखाली एकच चाक, भार सगळा मागे, म्हणून धडाचे दोन भाग चिकटवायच्या आधी नाकात शिसं भरायचं असतं — तुम्ही मॉडेल क्लबचे सेक्रेटरी, तुम्हाला मी काय सांगणार? पण तुम्हाला हे शिकवलं कुणी? बाबांनीच ना? मला तर सात वर्षांची असताना शिकवलं. त्या कपाटात एक्केचाळीस विमानं आहेत, एकही असं ढुंगण टेकून बसलेलं नाही. आणि हे बेचाळिसावं — रंग झाला, नंबर चिकटवून झाले, आता फोडल्याशिवाय आत काही जायचं नाही. प्रदर्शनात कसलं नेताय!

हसू नका. आईपण हसली. साठी उलटली की विसरतं माणूस, म्हणे. हो का? मग विसरणाऱ्या माणसानं खाली औषधांच्या दुकानात बसावं का, याचं उत्तर द्या म्हटलं! विमान शेपटीवर बसलं तर निदान दिसतं तरी, गोळी चुकली तर काय दिसणार? ... नाही, म्हणजे चुकली असं नाही. एकदाच. दोनदा. समोरच्या शिवणवाल्या आजींना दुप्पट ताकदीची गोळी दिली होती, मी अनवाणी कोपऱ्यापर्यंत धावले, म्हटलं आजी, तारीख संपलेली आहे, बदलून देते. खोटं बोलले. मग काय करू? पाटीवर नाव बाबांचं, लायसन्स बाबांचं. दुकान बंद करा म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. म्हणून मीच बसते शेजारी स्टुलावर, एकेक चिठ्ठी नजरेखालून घालते — तीन महिने झाले, कुणाला पत्ता नाही. मंगळवारचं तेवढं कॉलेजात प्रॅक्टिकल असतं, पण मंगळवारी गर्दी अशी नसतेच, त्यामुळे —

काय झालं? असे का बघताय? तुम्ही मंगळवारी येता? कधीपासून? छे हो, तुमचं कसं चुकेल, तुमच्या तर त्याच त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या, दर महिन्याला, बाबांना तोंडपाठ — दाखवा बघू. खिशातच आहेत ना? चिठ्ठी पण द्या. ते विमान ठेवा हो खाली, पडलं तर पडलं!

चिठ्ठीवर एक मिलिग्रॅम आहे. इथे पाच.

काका, यातल्या किती घेतल्यात तुम्ही?