मायक्रोवेव्हच्या दाराची खाच

काय सांगू बाई, आमच्या मायक्रोवेव्हच्या दाराच्या कडेचं प्लास्टिक निघालं, तर आत खोल खाच. मायक्रोवेव्हच्या लाटा बाहेर येऊन लेकराला बाधतील म्हणून मी ती पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदानं गच्च भरली. महिन्यानं दारात ठिणग्या उडाल्या, तसा चौसाळ्याचा मेकॅनिक बोलावला.

"वहिनी, हे कावून भरलं?"

"लाटा अडवायला, भाऊ."

"अवो, ती खाचच लाट अडवती! मापानं केलेली हाय. लाट आत शिरती, तळावरून उलटी येती अन् दाराच्या फटीतनं निसटणाऱ्या लाटेला तिथंच मारती. तुमी भरली, तवापासून लाटेला फट मोकळीच, ती बाहेर येत ऱ्हायली."

मी तर रोज लेकराला कडेवर घेऊनच त्याच्यापुढं दूध गरम करायचे.

त्यानं कागद उपसला. "झालं बघा, खाच रिकामी."

"खाचेचं झालं हो, लेकराचं काय?"

त्यानं चहा संपवला अन् खाली बघत हत्यारं पिशवीत भरली.