पायाळू

नेरच्या एसटी थांब्यावर उमरखेडच्या गाडीसाठी रांग होती. शेवटी एक जोडपं, त्यांच्यामागे फक्त मी. नवरा कमरेत वाकलेला.

"उसण तुमच्या कमरेत भरली, अन् हेलपाटा मले."

"महागावचा पायाळू एका लाथेत उसण काढते म्हणतात."

"अन् मी कोन हावो? मी बी पायाकडूनच जन्मली. सारं गाव माह्यापुढं पालथं पडून पाठीले पाय लावून घेते. तुमचा धाकटा भाऊ बी येऊन गेला."

"तो तुहा दीर. मी नवरा हावो."

"सोयरीक कराले आले तवा तुमच्या मायनं पयले हेच इचारलं. पोरगी पायाळू हाय ना म्हणून."

"गावासाठी इचारलं असन."

"चार दिवस झाले, तुमाले ना बसता येत, ना निजता. अन् औषध घरातच भाकरी थापून राह्यलं."

"बायकोची लाथ खाल्ली म्हणतीन लोकं."

"गाडी आली. चढा."

"पायरी उंच हाय वं. मांगून जरा रेट."

"हातानं का पायानं?"

"मांगं कोन उभं हाय?"

"एक मास्तर हायेत. पेपर वाचून राह्यले."

"मंग लाव पाय. हळू."

मी पेपर डोळ्यांच्या वर उचलला.