पोटाशी चेंडू घेऊन धावणारा भाचा

...नाही, धावू दे की, धावायला माझी ना नाही, पण धावायचं तर मोकळ्या रस्त्यानं धावावं की नाही? तुम्हाला सांगतो, आमच्या तुंगाचा मुलगा राघवेंद्र, माझा सख्खा भाचा, अमेरिकेतच जन्मला, तिथंच कॉलेजात गेला आणि फुटबॉल खेळायला लागला. आपला पायानं खेळायचा नव्हे, त्यांचा. न सोललेल्या नारळाएवढा चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरून रेड्यासारखी माणसं येतायत, नेमकं त्यांच्यातच घुसायचं. याला म्हणे रनिंग बॅक. नाव बॅक आणि जायचं पुढं. आमचं घराणं मैसूरचं, कापडं रंगवणारं; सगळे आपले रंगाच्या कढईपाशी उभे राहून म्हातारे झालेले, त्यात हा धावणारा कुठून निघाला?

पण धावला, नोडी, बघा तुम्ही, असा धावला की दुसऱ्याच वर्षी युनिव्हर्सिटीचे जुने विक्रम मोडले, तिकडच्या पेपरात फोटो, आणि इकडे मैसूरला आम्ही आमच्या अग्रहार पेठेत रविवारी सकाळी कॉफी घेऊन फोनपुढं. तो पडला की अम्मा, म्हणजे माझी आई गोदावरीबाई, विचारणार, "उठला का रे?" उठला, अम्मा. "आणि आता?" अम्मा, हा पडलाय तो दुसराच कोणीतरी... मोकळ्या रस्त्यानं धावावं, एवढंच माझं म्हणणं.

तिसऱ्या वर्षी नाही उठला. गुडघा गेला. ऑपरेशन, कुबड्या. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. कुठलं संपतंय... वर्षभरानं पुन्हा मैदानात, पुन्हा तसाच सुसाट, आणि आता तर जो तो म्हणायला लागला, मोठ्या लीगवाले याला उचलणारच. मीही गल्लीभर सांगून बसलो.

तर परवा त्याचा फोन. अगदी हळू आवाजात. "मामा, मला नको लीग. सकाळी पाय खाली ठेवताना भीती वाटते. मी मुलांना शिकवीन, कोच होईन. पण आईला कसं सांगू? ती प्रत्येक मॅचला येते, सगळ्यांत मोठ्यानं ओरडते."

म्हणजे सांगायचं कुणी? मी. तुंगाला फोन लावला, हवापाण्याचं बोललो, अम्माच्या गोळ्यांचं बोललो, आणि शेवटी म्हटलं, "तुंगा, तो पुढं खेळणार नाही म्हणतो." तर ती रडायलाच लागली. "दादा, खरं ना? अरे, मी एक मॅच धड बघितली नाही. चेंडू त्याच्याकडं आला की डोळे मिटायची, शेजारचे ओरडले की मीपण ओरडायची. त्याला आवडतं म्हणून गप्प बसले रे."

आई मुलासाठी गप्प, मुलगा आईसाठी गप्प, आणि मी मैसूरला रक्तदाबाची गोळी घेतोय. साकु, म्हणजे आपलं पुरे झालं, म्हटलं. छातीवरचा धोंडाच उतरला. अम्मा परसात तुळशीपाशी होती, तिला सांगायला म्हणून मी जो उठलो तो जन्मात पहिल्यांदा धावलो, रस्ता मोकळाच होता हो, फक्त फरशी नुकती पुसलेली...

राघवेंद्र ठणठणीत आहे. हे प्लास्टर माझं. बसा, पण कॉफी तेवढी तुम्हीच करून घ्या.