आईचे शब्द, बाबांचा फोन

—नाई बाबा, मूठ सोडा. फोन कुठं नेऊन नाई राह्यलो मी, इथंच तुमच्या खाटेवर बसून दुरुस्त करतो. लकव्यानं तुमची बोली गेली तवापासून हेच तुमचं तोंड, मले मालूम नाई का? बटन दाबलं का आईच्या आवाजात बोलते — पाणी द्या, पाठ दुखते — म्हून तर पुण्यात बसून बनवला हा प्रोग्राम. आन् आता? उघडला का बंद, उघडला का बंद. काऊन? सांगतो ना! आईनं भरलेले सगळे आवाज फोनातल्या डाटाबेसमध्ये आहेत. प्रोग्राम सुरू झाला का एकेक वाचत जाते. शेवटचा अर्धवट आहे — आई बोलत असतानाच बॅटरी गेली असंल — तिथं आला का कोसळते. चूक माह्यी. अर्धवट आवाज राहू शकते, हे ध्यानातच नाई आलं. आन् त्याच रात्री तिले दवाखान्यात नेलं, ती काही वापस आली नाई, मग फोन कोण उघडते?

तुमची लेक पौर्णिमा म्हणे ना तुमाले, सगळं पुसून टाकू, मी माह्या आवाजात नवीन भरून देते? तुमी मूठ आवळली, चांगलं केलं. तिच्यावर राग नोका धरू, बिचारीवर. तिले तसं म्हणाले मीच लावलं — म्हंजे, पुसणं सोपं होतं ना — सोपं म्हंजे — मलेच आईचा आवाज ऐकाचा नव्हता, बाबा. हिंमत नाई होत.

असू द्या. हा नवा प्रोग्राम, अर्धवट आवाज सोडून पुढं जाईल. पाहा, फोन विचारते — जुना डाटा ठेवायचा? नाई दाबलं का सगळं गेलं. थांबा, मले नाई दाबवत. तुमी दाबता? डावा हात चालते ना, हं, हे बटन — हे नाई, ते! — हं.

उघडला. बंद नाई झाला, बाबा! पाहा, सगळे आहेत! आता पुन्हा अडकला तर मले फोन करजा — तुमी कसे करसान, पौर्णिमा करंल — नाई तर मीच दर महिन्याले येत जातो, नाई तर असं करू, तुमाले पुण्यालेच — काय दाबलं तुमी?

"बस झालं आता. जरा चूप बसा."

हो, आई.