एका पावाचे सोबती

—बसा की मास्तर, पाव अजून तापलेला हाय, आत्ताच कापडात बांदला तर घाम सुटंल त्याला. उद्या तुमच्या मिशनच्या देवळात प्रभुभोजन, मला ठाऊक हाय, दर खेपंला ह्या थॉमसच्याच भट्टीतला पाव जातो ना. न्हाई, तुमच्या हन्नाचं मी काढनारच न्हाई. तुमी एकदा म्हनलात, रोमन कॅथलिक पोराला पोरगी द्यायची न्हाई — संपलं. आपन पावाचं बोलू. पाव शब्द कुठला? गोव्याचा, पोर्तुगीजांनी आनलेला, बरुबर. मला भट्टी शिकवनारा मेस्त्री बी गोव्याचा, तो नाकातनं म्हनायचा — पांव. मी म्हनायचो, सर्दी झाली. थांबा हं, भट्टीचं झाकन बघून येतो — हां. मंग लढाई आली, छावनीत इटलीचे कैदी आले, मी टोपली घिऊन गेलो की तारंपल्याड वरडायचे, पाने, पाने! आमचा फादर स्पेनचा, तो म्हनतो पान. पैल्या दिशी मी कात-चुना लावून आनून दिलं, बिचाऱ्यानं खाल्लं बी. कैद्यांत रुमानियाचा एक सर्कसवाला हुता, जलमभर तारंवर चालला आन शेवटी तारंच्या आत बसला, तो म्हनायचा पिने. आन फ्रान्सची एक मड्डम यायची, ती नुसतं 'पँ' म्हनून थांबायची, मी शिंकेची वाट बघत उभा. पन समद्यांचं मूळ एकच, मास्तर. लॅटिन. पानिस. मिस्साला, आमच्या देवळातल्या उपासनेला, फादर देवाजवळ रोजची भाकर मागतो ना, तीच. एका कनकंचे गोळे, भट्टी तेवढी येगळी.

घड्याळ कशाला बघता, निवू द्या की त्याला. तर इटलीवाल्यांत एक जन मला हाक मारायचा — कंपान्यो. मला वाटलं शिवी. मी बी त्याला आपल्या हिकडची एक दिली. मंग कळलं, ज्याच्यासंगं पाव खाल्ला तो कंपान्यो. सोबती. आन त्यातनंच निगाली कंपनी! कुंपनी सरकार, मास्तर! पाव त्यांनी मिळून खाल्ला आन बाटलो आपन. हसलात? न्हाई? बरं.

म्हनून म्हनतो, तुमची मंडळी माझाच पाव खाती, मी बी त्योच खातो, मंग मी परका कसा? काय — वाईन? झालं, आलात वाईनवर. आवो, मिस्साला वाईन एकटा फादर पितो, आमच्या जिभंवर पावाच्या नावानं कोरडी चकती. तिला खमीर बी न्हाई. खमीर तुमच्या पावात, बघा कसा टरारून फुगलाय! विलायती खमिराचे डबे लढाईनं बंद झाले, तवापास्नं मेस्त्रीचीच रीत — तिकडं माडाची घालतात, आपल्या नगरात माड कुठला, म्हनून मी शिंद—

शिंदीच्या झाडाचं पानी. पानीच म्हना. सकाळचं गोड असतं. दुपारी... व्हय. शिंदीच्या दुकानातनंच आनतो. आवो, भट्टीत उडून जाती समदी, वास तेवढा ऱ्हातो! तुमीच म्हनला हुतात ना, हल्ली प्रभुभोजनाला मंडळी येळंवर येतात म्हनून?

हन्नाला? तिला पैल्याच शनवारी कळलं, तिचं नाक लई तिखट. म्हनली, बाबांना सांगू नगंस, शाळंतल्या पोरांकडनं दारूबंदीची शपथ घेतात ते, हाय खातील. मंग दर शनवारी पाव न्यायला तीच यायची, आन आमी हितंच, ह्याच बाकड्यावर — पाव निवायला येळ लागतो, मास्तर.

आता कुठं निगालात? पाव ठिवून? ऱ्हाऊ द्या. उद्या भाकरी वाटा जवारीची. मंडळी इचारतील, मास्तर, पाव का वो बदलला? काय सांगनार?

बसलात. बरं केलंत. मी कुनाला बोलायचा न्हाई. आपन कंपान्यो.

घेता? घ्या, निवला आता. मान हलली तुमची — हन्नासाठी हलली का नुसतीच हलली? बरं, न्हाई इचारत. उद्या सांजच्याला येतो घरी, पाव घिऊनच येतो. जावा आता, गिऱ्हाईक उभं हाय. आन मास्तर — कापड जरा घट्ट बांदा. वास येतो.